पाट्यांमागचा माणूस

माझ्या आईला रोमन अक्षरं वाचता येत नव्हती. पोर्तुगीज अमदानीत देवळाच्या मंडपात भरणाऱ्या मराठी शाळेत ती चौथीपर्यंत शिकली. पोथी, पंचांग, मुंबईहून येणारं साप्ताहिक ती झरझर वाचायची. हिंदी सिनेमाच्या पाट्या पडायला लागल्या की मात्र तिचं शिक्षण तिथेच संपायचं, कारण त्या पाट्या बहुतेक इंग्रजीत असत. तरीही पाट्या चुकता कामा नयेत असा तिचा दंडक होता. म्हापशाची बस उशिरा आली किंवा वडील पानाच्या गादीपाशी रेंगाळले, की ती कावायची. "पाट्यो चुकल्यार मागीर कितें पळोवपाचें?" वडील म्हणायचे, नुसती नावं तर असतात, आणि तुला ती वाचताही येत नाहीत. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: नावं तुम्ही वाचा, मी मागचं बघते.

१९७५चा 'शोले' आमच्यापर्यंत पोचला तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आगगाडी थांबते, जेलर उतरतो, ठाकूरचा रामलाल त्याला घ्यायला आलेला असतो, दोघे घोड्यांवर बसतात आणि पाट्या सुरू होतात. खडकाळ माळ, दोन घोडे, मग गाव. ज्यांच्यासाठी थिएटर भरलं होतं त्या दोघा नायकांपैकी एकाचाही पत्ता नाही. घोडे वाड्यापाशी पोचतात आणि शाल पांघरलेला ठाकूर दिसतो. आई माझ्या कानाशी लागली, "ह्या मनशाचे हात खंय?" मी तिला गप्प केलं. लगेच पुढे आगगाडीवरच्या दरोड्याचा प्रसंग येतो आणि त्यात ठाकूरचे दोन्ही हात धडधाकट दिसतात. मी जिंकल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. मध्यंतराच्या सुमारास ती शाल उडाली तेव्हा सगळं थिएटर श्वास रोखून बसलं होतं. आईने मान न वळवता एवढंच म्हटलं, "सांगलें न्हय?"

आई समीक्षक नव्हती. अक्षरांनी तिचे डोळे अडवले नव्हते, म्हणून ती माणसाकडे बघत होती, इतकंच. पण सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांविषयी मला आज जे म्हणायचं आहे ते तिच्या त्या सवयीतून आलंय. ही दोन-तीन मिनिटं मुख्य पात्राची ओळख करून देण्यासाठी असतात. प्रेक्षक नुकताच बसलेला असतो, त्याला अजून कथा ठाऊक नसते, कोणाची बाजू घ्यायची हे ठरलेलं नसतं. एखाद्या अनोळखी माणसाकडे इतक्या निर्मळ नजरेने आपण पुढच्या दोन तासांत पुन्हा बघत नाही. आणि नेमकी हीच जागा मराठी सिनेमाने, आणि गोव्यात सरकारी मदतीवर होणाऱ्या सिनेमानेही, आभारप्रदर्शनाला भाड्याने देऊन टाकली आहे.

गेल्या वर्षी पणजीत एका मराठी सिनेमाच्या खेळाला मी मुद्दाम घड्याळ लावून बसलो. नाव सांगत नाही. करणारी मुलं मनापासून करणारी होती. आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र, ते नियमाने दहा सेकंद. मग तंबाखूची सूचना. मग ही कथा काल्पनिक असल्याची, प्राण्यांना इजा न केल्याची, कोणत्याही समाजाच्या भावना दुखावण्याचा हेतू नसल्याची ग्वाही. मग प्रस्तुतकर्ते, सहप्रस्तुतकर्ते, त्यांच्या कंपन्यांची फिरती सोनेरी बोधचिन्हं, प्रत्येकाचं वेगळं संगीत. मग आभार: एक आमदार, दोन सरपंच, एक सराफ, एक पतसंस्था, जेवणाची व्यवस्था करणारे, घर वापरायला देणारे, आणि 'ज्ञात-अज्ञात सर्व हितचिंतक'. त्यानंतर ड्रोन उडाला. नदी, माड, भाताची खाजनं, चर्चचा मनोरा, देवळाची दीपमाळ, पुन्हा नदी. त्यावर पाट्या. सगळ्या सुंदर देवनागरीत! आई असती तर तिला एकूण एक वाचता आल्या असत्या, पण मागे बघायला माणूस नव्हता. पहिला मानवी चेहरा मी मोजला तो पाचव्या मिनिटाला, आणि तोही नायकाचा नव्हता.

नायक कोण होता माहीत आहे? फेरीबोटीवरचा खलाशी. ज्याच्या हातात दिवसभर दोर असतो, ज्याच्या अंगाला डिझेल आणि खाऱ्या पाण्याचा मिळून एक वास येतो, जो दिवसातून कितीतरी वेळा नदी ओलांडतो आणि कुठेच जात नाही. त्या सिनेमात तो दोर पहिल्यांदा दिसला तेव्हा चाळीस मिनिटं उलटून गेली होती.

आता यावर हमखास येणारं उत्तर असं की हल्लीच्या प्रेक्षकालाच सबुरी नाही. घरी बघणारे तर पाट्या उडवूनच लावतात. नेटफ्लिक्सने २०१७ साली 'स्किप इन्ट्रो'चं बटण आणलं आणि २०२२ साली त्यांनीच सांगितलं की ते दिवसाला १३.६ कोटी वेळा दाबलं जातं. आकडा दचकवणारा आहे खरा. पण तो मालिकांच्या जगातला आहे, जिथे तीच ओळख आठव्या भागालाही पुन्हा करून दिली जाते. एकाच पाहुण्याची ओळख आठ वेळा करून दिली तर यजमानाच्या घरातूनही लोक उठून जातील. शिवाय ज्या पाट्यांमागे काहीच घडत नाही त्या ओलांडणाऱ्याला अरसिक कसं म्हणायचं? बटण दाबणारा अंगठा नंतर आला. मजकूर आधी रिकामा झाला होता.

ही काही आजची भानगडही नाही. एकेकाळी अमेरिकेतल्या थिएटरांत पाट्या चालू असताना पडदा ओढलेलाच असायचा. नावं पडद्याच्या कापडावर पडून जायची आणि खरा सिनेमा सुरू झाला की पडदा उघडायचा. १९५५ साली ऑटो प्रेमिंजरच्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'साठी सॉल बासने काळ्या कागदातून कातरलेल्या वेड्यावाकड्या हाताची शीर्षकं केली, तेव्हा रिळांच्या डब्यांवर प्रोजेक्टरवाल्यांसाठी सूचना चिकटवावी लागली: आधी पडदा बाजूला करा, मग पाट्या लावा. नायक मादक पदार्थाच्या आहारी गेलेला वादक. त्याचा हात हेच त्याचं सामर्थ्य आणि तोच त्याचा घात. म्हणजे चेहरा दिसण्याआधी माणसाचं दुखणं दिसलं. बासचं नाव आज शीर्षकरचनेचा आद्य पुरुष म्हणून घेतलं जातं आणि ते योग्यच आहे, पण त्याच्या भक्तांनी पुढे आकृत्यांचा आणि अक्षरांच्या कसरतींचा जो बाजार मांडला त्यात मला फार रस नाही. जेम्स बाँडच्या पाट्या मला नेहमी महागड्या कॅलेंडरसारख्या वाटत आल्या आहेत. त्या बघून बाँडविषयी एवढंच कळतं की त्याच्या निर्मात्याकडे पैसे आहेत.

माझं मन अडकतं ते 'चारुलता'त. सत्यजित रायांचा १९६४चा सिनेमा, रवींद्रनाथांच्या 'नष्टनीड'वरून केलेला. पाट्या पडतात त्या मागे दोन हात रुमालावर 'बी' हे इंग्रजी अक्षर भरतायत. सुई आत जाते, बाहेर येते. घाई नाही, थकवा नाही. बाई कोण हे माहीत नाही, अक्षर कोणाचं हे माहीत नाही. पण तेवढ्यात किती कळून चुकलेलं असतं! घरात पैसा आहे, कारण हे काम पोटासाठी चाललेलं नाही. हात तरबेज आहेत, म्हणजे अशा पुष्कळ दुपारी गेलेल्या आहेत. रुमाल ज्याचा असेल त्याचं आद्याक्षर इंग्रजी आहे, म्हणजे तो माणूस त्या जगात वावरतो. अक्षर तिच्या नवऱ्याचं, भूपतीचं, आणि तो इंग्रजी वर्तमानपत्र काढतो हे आपल्याला पुढे समजतं आणि अजिबात आश्चर्य वाटत नाही, कारण सुईने ते आधीच सांगून ठेवलेलं असतं. पुढे रुमाल हातात पडल्यावर नवऱ्याला प्रश्न पडतो की हिला एवढा वेळ मिळतो कधी. आपण प्रेक्षक खुर्चीतच चुळबुळतो. आपण तर तिच्याकडे वेळच वेळ असलेला पाहिलाय! नवऱ्याला जे दिसत नाही ते पाट्यांनी आपल्याला पहिल्या मिनिटात दाखवलेलं असतं, आणि मग तिच्या बाजूने बसण्यावाचून आपल्याला गत्यंतर राहत नाही. पाट्यांनंतर ती दुर्बिणीतून खिडक्याखिडक्यांमधून रस्त्यावरची माणसं बघत फिरते, त्या प्रसंगाची तारीफ सगळे करतात. मला वाटतं, सुईने जागा केली नसती तर दुर्बीण नुसती गंमत वाटली असती.

यात गंमत अशी की या दोन मिनिटांत ती काहीही 'करत' नाही. पटकथा शिकवणारे हल्ली सांगतात, नायकाला पहिल्या प्रसंगातच काहीतरी हवं असलं पाहिजे. चारुला काय हवंय? तिला स्वतःला अजून ठाऊक नाही. हेच तर तिचं पात्र.

उलट बाजूचं उदाहरण म्हणून १९७७चा 'सॅटर्डे नाइट फीव्हर' घ्या. लोकांना त्यातलं गाणं आठवतं आणि ट्रॅव्होल्टाची चाल आठवते. त्याच्या हातात काय होतं हे विचारा. रंगाचा डबा! रस्त्याचा राजा असल्यासारखा तो चालतोय, दुकानातल्या काचेपलीकडच्या बुटाशी आपला बूट लावून बघतोय, जाणाऱ्या मुलींच्या मागे वळतोय, आणि आहे कोण, तर हार्डवेअरच्या दुकानातला नोकर, गिऱ्हाइकासाठी डबा आणायला निघालेला. चाल एक सांगते, डबा दुसरं सांगतो. पुढचा सगळा सिनेमा त्या दोघांमधल्या भांडणाचा आहे. डबा काढून टाकला असता तर उरली असती ती नुसती ऐट, आणि ऐटीला कोणी दोन तास देत नाही.

आपल्याकडे 'गाइड'ने १९६५ साली हे जवळपास तितक्याच ताकदीने केलं होतं. राजू तुरुंगातून सुटतो आणि चालू लागतो. 'वहाँ कौन है तेरा' सचिनदेव बर्मन गातात, शैलेंद्रचे शब्द, त्यावर पाट्या. देव आनंदसारखा देखणा नट हाताशी असताना विजय आनंदने त्याला बोलू दिलं नाही, गाऊही दिलं नाही. दुसऱ्याच कुणाचा थकलेला, खेडवळ आवाज त्याला विचारतो, बाबा, तिथे तुझं आहे कोण? आणि या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही, म्हणून तो चालतोय. नायकाची ओळख त्याला न सुटलेल्या प्रश्नाने करून द्यायची, ही युक्ती मला फार आपली वाटते. कीर्तनकार असंच करतो.

इथे गोव्याचं म्हणून काही सांगायला हवं. आपल्याला घाईच नसते, आणि ओळख करून देणं-घेणं हा आपला जुना धंदा आहे. कुठल्याही वाड्यावर अनोळखी पोर दिसलं की ओसरीवरून प्रश्न येणारच: "तूं कोणालो रे?" नाव नंतर विचारतात. आडनावंच घ्या ना. केरकर केरीचा, बोरकर बोरीचा, बांदोडकर बांदोड्याचा. दीनानाथांचे मंगेशकर झाले ते मंगेशीमुळे. निम्म्या गोव्याचं आडनाव ही आयती पाटी आहे, गाव आणि दैवत एका दमात सांगणारी. पण ओसरीवरचा म्हातारा तेवढ्यावर थांबत नाही. बोरीचा कळलं, पण बापाचा धंदा काय, कुळागर की गिरण? आजोबा भजनी की दारूडे? आई खंयची? गाव समजलं म्हणजे माणूस समजला असं त्याला वाटत नाही. आपल्या ड्रोनला मात्र तसं वाटतं.

आणि पेडण्याकडच्या जत्रा आठवा. रात्री दशावतार उभा राहतो. सामान काय, तर एक बाकडं, एक पडदा, पायपेटी, पखवाज, झांज. आख्यान सुरू होण्याआधी आडदशावतार. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, मग काळ्या वेषातला, लांब लाल जिभेचा संकासुर येतो आणि भटजीची फिरकी घेत अख्ख्या मंडपाला हसवतो. ही आमची शीर्षकं. अर्धा-पाऊण तास सहज! कोणी उठून जात नाही, कारण तिथे काहीतरी घडत असतं. मग राजा येतो. त्याच्याकडे लिहिलेली संहिता नाही, मागे सिंहासन नाही. तो त्या बाकड्यावर कसा बसतो यावरच त्याचं राज्य. लहानपणी मी एका राजाला बाकड्याची धूळ उपरण्याने झटकून मग बसताना पाहिलं होतं, आणि शेजारची एक म्हातारी पुटपुटली होती, "हो भियेता." खरोखरच पुढे तो राजा कपटाला बळी पडणारा भित्रा निघाला. नटाला ते ठाऊक होतं आणि म्हातारीला ते झटकण्यातून कळलं. संगीत नाटकातही पात्र प्रवेश करतं ते पद घेऊन, आणि त्या पदाच्या पहिल्या ओळीत त्याचा स्वभाव ओतलेला असतो. १८८०च्या 'शाकुंतला'च्या 'पंचतुंड नररुंडमालधर' या नांदीपासून आपल्या प्रेक्षकाला शिकवण आहे की आधी नमन, मग ओळख, मग गोष्ट. आताच्या सिनेमात नमन दात्यांना होतं, ते लांबतं, आणि ओळख राहूनच जाते.

एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. तो ताऱ्यांचा. १९९२च्या 'अण्णामलै'पासून रजनीकांतच्या सिनेमांत ठिपक्याठिपक्यांनी 'सुपरस्टार' ही अक्षरं पडद्यावर उमटतात आणि थिएटर वेडं होतं. तिथे पात्राची ओळख करून देण्याचा प्रश्नच येत नाही. लोक पात्र बघायला आलेलेच नसतात. यात मला फसवणूक दिसत नाही. तो उत्सव आहे, पालखी आहे, आणि पालखीत कोण आहे हे कोणी विचारत नाही. माझी तक्रार आहे ती आपल्याकडच्या नकलेविषयी. ज्या नटाला पणजीच्या बाजारात कोणी ओळखत नाही त्याचे आधी बूट, मग घड्याळ, मग पाठ, मग वाऱ्यावर उडणारे केस, असं संथ गतीत दाखवायचं. पालखी आहे, देव नाही.

दुसरा आक्षेप 'शोले'चाच घेता येईल: नायक तर तिथेही पाट्यांत नव्हते. बरोबर. पण मी आईच्या बाजूने आहे. ती गोष्ट मुळात ठाकूरची आहे, जय-वीरू भाड्याने आणलेले. पाट्यांनी आपल्याला त्याच्या गावात नेलं, त्याच्या दारात उभं केलं आणि त्याची शाल दाखवली. न दाखवणं हीसुद्धा ओळख असते, पण काय लपवतोय हे दिग्दर्शकाला माहीत असावं लागतं.

आता गोव्याच्या दुखण्याकडे येतो. हिंदी सिनेमाने गोंयकाराची ओळख करून दिली ती कशी? १९७३च्या 'बॉबी'तला जॅक ब्रॅगँझा आठवा: मच्छीमार, आवाज मोठा, दिल मोठं, बाटली जवळ. प्रेमनाथने तो जीव ओतून केला, पण पुढे दशकानुदशकं त्याच्या पातळ नकलाच गोवेकर म्हणून खपल्या. आधी समुद्र, मग चर्च, मग बाटली, मग मोडकं हिंदी. माणूस आत येण्याआधीच त्याची पाटी लिहून तयार. याउलट ख्वाजा अहमद अब्बासांनी गोवामुक्तीवर १९६९ साली 'सात हिंदुस्तानी' केला, त्यात नटांना मुद्दाम परप्रांताच्या भूमिका दिल्या. बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाले. माणूस त्याच्या प्रांताच्या पाटीवरून ओळखू नका, हे त्यांनी नटांच्या निवडीतूनच सांगितलं. अमिताभ बच्चनचा तो पहिला सिनेमा. आणि २०१५च्या हिंदी 'दृश्यम'मधला विजय साळगावकर बघा. आडनावाने गोव्याचा, पण आपल्या लक्षात राहतो तो रात्र रात्र कचेरीत बसून सिनेमे बघणारा केबलवाला म्हणून. त्याची ही सवय हाच पुढे सगळ्या कथेचा कणा होतो. मूळ मल्याळम कथेतला माणूस गोव्यात आणून बसवला तरी तो इथलाच वाटतो, कारण त्याची ओळख माडांनी केलेली नाही.

मराठीत हे जमत नाही असंही नाही. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' उघडतो तेव्हा म्हातारे नारायण कांबळे पोरांची शिकवणी घेतायत. मग बस पकडतात, मग कुठे व्यासपीठावर शाहिरी. 'शाहीर' हे बिरूद चिकटण्याआधी शिकवणी घेणारा एक साधा माणूस आपण पाहिलेला असतो, त्यामुळे पुढे सरकारी वकील त्यांच्याविषयी जे जे वाचून दाखवते त्याच्याशी आपण मनातल्या मनात त्या शिकवणीचा ताळा करत राहतो. 'फँड्री'तला जब्या काळ्या चिमणीमागे गलोल घेऊन पळताना भेटतो. त्याची जात, त्याचं घर, त्याची लाज, सगळं मागून येतं. दोन्ही सिनेमे थोडक्या पैशांतले. तेव्हा खर्चाचं कारण कोणी सांगू नये. सुई-दोऱ्याला आणि रंगाच्या डब्याला खर्च तो काय?

यात सार्वजनिक प्रश्न कुठला, असं कोणी विचारेल. पैसा सार्वजनिक आहे. गोवा मनोरंजन संस्थेमार्फत स्थानिक सिनेमांना अर्थसाहाय्य मिळतं, २००४पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतोय, आपल्या पोरांना जगातले उत्तम सिनेमे मांडवीच्या काठी बसून बघायला मिळतात. असं असताना इथे होणाऱ्या मराठी-कोकणी सिनेमांची पहिली पाच मिनिटं मंत्र्यासंत्र्यांच्या आभारांत जात असतील तर अनुदान देणाऱ्यांनी एक साधी अट घालावी: कायद्याने सुरुवातीला जे दाखवायलाच हवं तेवढं दाखवा, बाकी सर्व आभार शेवटी. तंबाखूच्या दृश्यांसाठी २०१२पासूनच्या नियमांनी ३० सेकंदांची आरोग्यसूचना आणि २० सेकंदांचा इशारा सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर दाखवावा लागतो; त्यापायी अमेरिकन दिग्दर्शक वूडी ॲलनने २०१३ साली आपला सिनेमा भारतात लावलाच नाही. मी त्या वादात पडत नाही. कायदा आहे, तो पाळा. पण पतसंस्थेचं बोधचिन्ह पहिल्या मिनिटात फिरवा असा कायदा कोणी केलेला नाही.

देणगीदार रागावतील ना, असं एका तरुण दिग्दर्शकाने मला चहा पिताना विचारलं. रागावतील कदाचित. 'स्टार वॉर्स'वाल्या जॉर्ज लुकसवर तर त्याची स्वतःची, दिग्दर्शकांची संघटना रागावली होती. त्या मालिकेतल्या १९८०च्या सिनेमात दिग्दर्शकाचं नाव सुरुवातीला न घालता शेवटी घातलं म्हणून दंड झाला आणि तो संघटनेतूनच बाहेर पडला. आपल्या सराफाची मजल दंडापर्यंत जाणार नाही. त्याला शेवटी पूर्ण पडदाभर जागा द्या, संगीत द्या, हवं तर त्याच्या दुकानाचा फोटो द्या. तो दिग्दर्शक हसला आणि म्हणाला, शेवटी कोणी थांबत नाही हो. म्हणजे आपल्याला पुरतं ठाऊक आहे की ही नावं कोणी वाचणार नाही, म्हणूनच ती दारात आडवी टाकायची.

दुसरं सुचवणं छोटं आहे. अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या एमी पारितोषिकांत शीर्षकरचनेला स्वतंत्र बक्षीस असतं. आपल्याकडच्या नाट्य-चित्रपट स्पर्धांत नेपथ्याला, वेशभूषेला, रंगभूषेला बक्षीस देतो तसं एक पाट्यांना ठेवावं. बक्षिसाच्या रकमेपेक्षा परीक्षकांना त्या पाट्या बसून बघाव्या लागतील, हा फायदा मोठा.

त्या पणजीच्या खेळानंतर काही दिवसांनी मी जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणारी फेरी पकडली. काम काहीच नव्हतं. सिनेमात पाचव्या मिनिटापर्यंत न दिसलेला माणूस बघायचा होता. खलाशी पन्नाशीचा, खाकी शर्टाची वरची दोन बटणं उघडी, पायात रबरी चपला. त्याने पूर्ण नदीत एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही. समोरचा धक्का जवळ यायला लागला तशा स्कूटरी घुरघुरायला लागल्या, एकेक चाक पुढे सरकू लागलं, कोणीतरी हॉर्न वाजवला. तो पाठमोराच उभा होता. त्याने डाव्या हाताने साखळी धरली आणि उजवा हात मागे करून नुसता तळवा उघडा धरला. पंधरा-वीस स्कूटरी, दोन मोटारी, माशांची पाटी घेतलेली एक बाई, सगळी त्या तळव्यासमोर थांबली. मधल्या बोटाला फडक्याची चिंधी बांधलेली होती. लोखंडी फळी धक्क्याला लागल्याचा आवाज झाला आणि मग त्याने हात खाली घेतला.